अर्धी पाटी

आयारू महिना, दिवस ३

पोचलो. बाबिलोनहून बोर्सिप्पा म्हणजे कालव्यानं अर्ध्या दिवसाची वाट, पण मला महिन्याची वाटली. कांद्यांच्या होडीत जागा मिळाली. होडीवाला म्हणाला, एवढा शिकलेला दिसतोस, मग कांद्यांवर काय बसलास. मी म्हटलं, शिकलेला नाही, अर्धा शिकलेला. तो म्हणाला, मग अर्धाच बस, पाय बाहेर सोड. सबंध वाट पाय पाण्यात सोडून आलो. शाळेत घातल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दारात इन्साबतू उभी होती. इन्साबतू म्हणजे कानातलं, आणि नावाला शोभतील अशा दोन सोन्याच्या चंद्रकोरी तिच्या कानांत. म्हणाली, आलास का, मला वाटलं पंतोजींनी पुन्हा बांधून घातलं.  वाटभर जुळवलेली तीन वाक्यं उंबरठ्यावर विसरलो.

तिची माझी ओळख मागच्याच महिन्यातली. नववर्षाच्या मिरवणुकीत गर्दीनं तिला माझ्यावर ढकललं. मग आम्ही घाटावर बोलत बसलो. घरी कोण असतं, विचारलं तिनं. म्हटलं, दिल्बातला एकटी आई. वय विचारलं. निघताना जवळ येऊन उभी राहिली, माझ्या खांद्यावर पालथा हात टेकला आणि हसली. त्या दिवसापासून मी कामातून गेलो. पाटीच्या कडेला तिचं नाव कोरलं, ते पंतोजींनी बघितलं आणि सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी ओली पाटी उचलून त्यांच्या तोंडावर मारली आणि बाहेर पडलो. पाच वर्षं तिथंच राहिली. आईला अजून कळवलेलं नाही. आठ दिवसांनी इन्साबतूचा निरोप आला, आमच्याकडे पत्रं लिहायला माणूस हवाय.

घर शुलाया मालकांचं. लिहिण्याचा देव नबू, त्याच्या देवळात देवाची बिअर पुरवायचा मान चार पिढ्या यांच्याकडे आहे. इन्साबतू त्यांच्या वारलेल्या भावाची मुलगी, इथंच वाढली. मालकांनी विचारलं, पोरा, पत्रं येतात ना लिहायला. म्हटलं, पत्रंच तेवढी येतात. खूप हसले.

दिवसाचा धडा दिवस मावळताना लिहून काढायचा, ही पंतोजींची सवय हाताला लागली ती सुटत नाही. इथं बिअरच्या रांजणांची तोंडं बंद करायला मळलेली माती पडलेली असते, तिचीच पाटी केली. नाव मात्र घालत नाही. लिहिणाऱ्यानं नाव शेवटी घालायचं, पाटी पुरी झाल्यावर. अर्ध्या पाटीवर नाव घातलं की छडी. मी एकही मोठी पाटी पुरी केली नाही, त्यामुळे जगात कुठल्याच पाटीवर माझं नाव नाही. तसंही आमच्या वर्गात नबू म्हणून हाक मारली की तेविसांतली चौदा पोरं उठायची. पुढचं अर्धं नाव ऐकल्याशिवाय कुणाला बोलावलंय ते कळायचं नाही.

आयारू, दिवस ५

मला खोली दिली आहे ती मालकांच्या मुलाची. रिमूत त्याचं नाव. उरूकला माल घेऊन गेलाय म्हणे. खोली चांगली आहे, गल्लीच्या बाजूला उंचावर एक झरोका, दुसऱ्या भिंतीत पूर्वी दार असावं, ते बुजवून गिलावा केला आहे. गिलावा अजून नीट वाळलेला नाही. अंथरूण त्याचंच. उशीला कुणाच्या तरी डोक्याचा खळगा होता, त्यात माझं डोकं बरोबर बसलं.

माझा अंगरखा धुवायला नेला. परत मागितला तर रिमूतच्या आईनं रिमूतचा आणून दिला, लाल काठाचा, नाकासमोर धरून वास घेऊन मग दिला. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. मला रिमूत बाळा म्हणते. मी चूक सुधारायला गेलो, तर इन्साबतूनं पाय दाबला. नंतर म्हणाली, म्हणू दे की रे, तुझं काय झिजतं. आता सगळेच रिमूत म्हणतात. मालकसुद्धा.

जेवण मात्र काय सांगू. तिळाच्या तेलात परतलेले टोळ, कांदा, वाळवलेली मासळी, खजुराची पोळी. आई जवळ बसून वाढते. हे खा, तुला आवडतं. मला आवडतंच, पण हिला कसं ठाऊक?

वर गच्चीवर तीन बकऱ्यांची कातडी वाळत घातली आहेत. ताजी. मी म्हटलं, मटणाचं घर दिसतंय. इन्साबतू म्हणाली, त्यातलं मटण आम्ही खाल्लं नाही. आणि खाली निघून गेली.

आयारू, दिवस ९

आज मांत्रिक आला, मुशेझीब नावाचा. लाल पागोटं, तोंडाला लसणाचा वास. बोरूच्या काडीनं माझी उंची मोजली. काडीवर एक खूण आधीच होती. माझी उंची तिच्याशी जुळली तेव्हा त्यानं मालकांकडे बघून मान हलवली. मग नखं कापली आणि ती मोजून चिंधीत बांधली. मी विचारलं, हे कशाला. म्हणाला, परगावचा माणूस घरात झोपला की पूर्वजांना सांगावं लागतं.

त्याच्या पिशवीतून पाटीचं टोक दिसलं आणि मी पहिली ओळ वाचली. माणसाऐवजी एरेश्किगलला दुसरा जीव. म्हणजे खालच्या, मेलेल्यांच्या मुलुखाची राणी एखाद्याला मागायला लागली की तिला त्याच्याऐवजी बकरी द्यायची, तो विधी. मी उड्या मारतच म्हटलं, ही मला येते. येतेच. शाळा सोडली त्या दिवशी हीच पाटी उतरवत होतो. बकरी आजाऱ्याच्या अंथरुणात निजवायची. पहाटे खड्डा खणायचा. आजारी आणि बकरी दोघांना खड्ड्यात आडवं करायचं. आजाऱ्याच्या गळ्याला झाऊच्या लाकडाची सुरी नुसती टेकवायची. इथं पाटीची पुढची बाजू संपते, आणि इथंच पंतोजींनी तिचं नाव वाचलं.

मुशेझीब म्हणाला, आणि मागची बाजू? मी म्हटलं, ती काय अवघड, बकरी कापायची. तो मालकांना म्हणाला, तुमची अर्धी पाटी हुशार आहे. सगळे हसले. मला राग आला, हातातला पेला भिंतीवर फोडला. कुणीच रागावलं नाही. शाळेत असं केलं असतं तर पाठ सोलली असती. आईनं नवीन पेला आणला, पुसून दिला.

आयारू, दिवस १४

दुपारी सगळं गाव झोपतं, मला झोप येत नाही. पत्रांचा रांजण आवरायला काढला. तळाशी एक लग्नाची पाटी होती. शुलायाचा मुलगा रिमूत यानं इन्साबतूला बायको म्हणून मागितली, तिच्या बापानं दिली, साक्षीदार अमुक तमुक. तीन वर्षांपूर्वीची.

कसली भावाची मुलगी. बायको आहे त्याची.

मी अंगणात जाऊन दोन रांजण फोडले. ओरडलो असेन बहुतेक. इन्साबतू आली, बिअर पायांखाली वाहत होती त्यातच बसली आणि रडली. म्हणाली, रिमूत नाही आता. उरूकहून येताना होडीत तापानं गेला, नदीतच सोडला. आईला सांगितलेलं नाही. बाहेरही कुणाला नाही, कारण घरात मुलगा नाही म्हटलं की देवळाचा मान चुलत्याकडे जाईल आणि मी बापाकडे परत. मामंजींनी ठरवलंय, तुला रिमूत करायचं. अवसेला मांत्रिक विधी करेल, मेलेल्याची सावली तुझ्यावरून बकरीवर उतरवेल. मग तू या घरचा मुलगा आणि मी तुझी बायको. तुला आधीच सांगितलं असतं तर विधवेकडे बघितलं असतंस का?

मी बघितलं नसतं? मी तिचे पाय धरले. फोडलेल्या रांजणांची लाज वाटली. मालकांना आज पहिल्यांदा बाबा म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं, मला वाटलं गहिवरले.

आयारू, दिवस १९

गल्लीत सांगितलंय की रिमूत उरूकहून आजारी होऊन आला. अवसेनंतर मी बरा होऊन बाहेर पडायचं. तोवर आजाऱ्याचं सोंग. झरोक्याखाली पडून मी कण्हतो आणि इन्साबतू तोंडात पदर कोंबून हसते. काल शेजारीण झरोक्यापाशी थांबून म्हणाली, कसं आहे गं त्याला? इन्साबतू म्हणाली, आज बडबडतोय, मी रिमूत नाहीच म्हणतो. शेजारीण म्हणाली, माझा दीर पण जाण्याआधी असंच म्हणायचा. मला हसू आवरेना. चादर चावली.

आजकाल बिअर कडू लागते. इन्साबतू म्हणते, औषध आहे, सोंग खरं दिसायला हवं. पायांत मुंग्या येतात. जिना चढवत नाही.

आयारू, दिवस २१

बकरी आणली. काळी, एक कान फाटका. माझ्या अंथरुणाशी बांधली आहे. रात्रभर बोरूची चटई चावते. मुशेझीब अंगणात बसून सुरी तासतो आहे. झाऊचं लाकूड, मला उंबऱ्यातून दिसतं. लाकडाची आहे म्हणून बरं वाटलं. ती माणसासाठी. एवढी बाजू मला पाठ आहे.

दिल्बातला माझ्या आईला पत्र लिहायला घेतलं. लग्न ठरलं एवढंच. पाठवायला बाबांकडे दिलं. ते म्हणाले, पाठवतो.

आयारू, दिवस २४

पत्र कोनाड्यात होतं. ओलं करून पुन्हा मळलेलं. माझ्या अक्षरांचं पीठ.

आणि दुपारी, गाव झोपलेलं असताना, बुजवलेल्या दारामागं कुणीतरी खोकलं.

कान लावला. इन्साबतू बोलत होती. माझ्याशी ती असं कधीच बोललेली नाही, मला वाटायचं ती लाजते. म्हणत होती, पाच दिवस. फक्त पाच. पाणी पी बघू. मग एक पुरुष काही पुटपुटला. ती म्हणाली, नाही रे, चांगला आहे बिचारा. अर्धवट सांगितलं तरी पुरतं त्याला. घाटावर हात लावून बघितला होता मी, खांदा अगदी तुझ्याएवढा.

खांदा.

आयारू, दिवस २५

गिलावा नखांनी काढला. एक वीट हलली. बोटभर फट.

आत माझ्यासारखाच एक माणूस, फक्त हाडं. त्याच्या अंगावर माझा अंगरखा. आईनं दिल्बातला विणलेला, उसवलेला काठ मी ओळखला. त्यानं मला बघितलं. मी म्हटलं, तू रिमूत. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. जिवंत आहे. नदीत कुणी सोडलं नाही त्याला.

म्हणजे मी ज्याचं नाव, कपडे, अंथरूण घेतलं तो मेलेला नाही. आजारी आहे. आणि राणी त्याला मागते आहे.

पण बकरी आहे. बकरी आहेच ना.

आयारू, दिवस २६

ताटात मटण होतं. आई म्हणाली, खा, अंगात ताकद हवी. भूक लागली होती. दोनदा मागून घेतलं. मग बघितलं तर चटईशी नुसती दोरी.

विचारलं. आई म्हणाली, तीन बकऱ्या दिल्या रे राणीला. एकही घेतली नाही तिनं. तिला कातडं ओळखू येतं.

मग माझ्या केसांवरून हात फिरवला. तिला कमी दिसतं, पण इतकं कमी नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला.

आयारू, दिवस २७

झरोक्याखाली सरपटत गेलो. ओरडलो, मी रिमूत नाही, मला यांनी कोंडलंय, मी दिल्बातचा. बाहेर गल्लीत शेजारीण, पाणी वाहणारे दोघे, आवाजावरून कळलं. पावलं थांबली.  शेजारीण म्हणाली, इश्तर देवी तुला लवकर सोडवो रे रिमूत. पाणीवाला म्हणाला, झालं, आता दोन दिवस.

मीच शिकवलं त्यांना. कण्हून कण्हून.

दार बाहेरून लावलं आहे. पाय— कमरेखाली काही नाही.

आयारू, दिवस २८

माती संपली. भिंतीचा गिलावा बिअरमध्ये कालवून हे. बोरू काढून घेतला. नखानं.

अंगणात रडणाऱ्या बायका आल्या आहेत. मोल देऊन ठरवलेल्या. हळूच तालीम चालली आहे, हाय रिमूत, हाय रिमूत. एकीला हसू आलं, दुसरीनं चापट मारली.

दोन सुऱ्या. एक झाऊची. एक काशाची, ती पाटीच्या मागच्या बाजूची. मला लाकडी कुणाच्या गळ्याला ते ठाऊक होतं. आजाऱ्याच्या. आजारी आत आहे.

इन्साबतू पेला घेऊन आली. मी म्हटलं, मागितलं असतंस तर मी दिला असता जीव, तुझ्यासाठी. फसवायची काय गरज होती. तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, दिला असतास? तू एक पाटी पुरी केली नाहीस.

 

म्हटलं, ठीक. एक कर. महिन्याच्या महिन्याला, अवसेला, मेलेल्यांना पाणी ओतता तेव्हा माझं नाव घेऊन एक ओंजळ. नाहीतर मी खाली धूळ खाईन. ती उठली. म्हणाली, नाव घेतलं की राणीला कळेल ना, तो रिमूत नव्हता. मग ती पुन्हा येईल.

दाराशी थांबली. कानातली एक चंद्रकोर काढून माझ्या उशाशी ठेवली. मला नको होती. तरी मुठीत धरली आहे.

आईच्या घरी— पाणी कुणाच्या नावानं— तिला वाटतंय मी शाळेत आहे.

दिवस २९

चंद्र नाही. गच्चीच्या कडेला तांबडं.

खड्डा खणतायत. फावड्याचा आवाज. भिंतीमागच्या खोलीतून त्याला बाहेर आणतायत, तो रडतोय, ती त्याला धरून—

माझ्या अंगावर लाल काठ. तेल लावलं. कफन घडी करून पायाशी.

पाट्या अंथरुणाखालच्या विटांखाली. ही शेवटची. जो उकरेल त्यानं— पाणी. एक ओंजळ. कुठलंही चालेल, कालव्याचं. फक्त नाव घे. रिमूत म्हणू नको.

पाटी पुरी झाली. पंतोजी, पुरी झाली, आता नाव घालतो.

ओढतायत. थांबा म्हटलं—

लिहिणारा, दिल्बातचा, नबू-